डांबर पडायच्या आत

पुण्याहून भाचा आला तो मोटारीच्या पाठीवर सायकल बांधून. शनिवारची सकाळ होती, खंबाटकीच्या घाटातच त्याचे दोन तास गेले. पुढे मोटार, मागे मोटार, आणि त्यांतल्या बऱ्याच मोटारींच्या पाठीवर तशाच सायकली. ही सगळी मंडळी वाहनं नसलेल्या रस्त्याच्या शोधात निघाली होती आणि हॉर्न वाजवून एकमेकांकडे वाट मागत होती.

चहा झाल्यावर त्याने सायकल अंगणात उतरवली. "मामा, ही ग्रॅव्हल बाइक."

मी चष्मा पुसून पाहिली. मडगार्ड नव्हतं, स्टँड नव्हता, कॅरिअर नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, घंटी नव्हती. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. माझ्या बावीस इंची सायकलला हे सगळं होतं, वर डायनॅमोही होता, आणि ती मी साडेतीनशे रुपयांना घेतली होती. ही दीड लाखाची. पण आम्हा सातारकरांना याचं नवल वाटत नाही. साखर काढून घेतली की पेढा महाग होतो, हे आम्ही रोज बघतो.

"ग्रॅव्हल म्हणजे काय रे?"

"डांबर नसलेला रस्ता. खडी, मुरूम, माती. टायर चाळीस मिलिमीटरचा असतो, हवा कमी ठेवायची, म्हणजे चाक खडीवरून उडत नाही. आणि मुख्य म्हणजे ट्रॅफिक नको. आख्ख्या जगात लोक असे रस्ते शोधत फिरतायत."

मग त्याने मोबाइलवर नकाशा उघडला. ठोसेघरच्या पुढे, चाळकेवाडीच्या पठारावर, एक तुटक रेघ बोटाने मोठी करत तो म्हणाला, "हे बघ. सात किलोमीटर शुद्ध ग्रॅव्हल. एवढं अस्सल आता मिळत नाही."

मी त्या रेघेकडे पाहतच राहिलो. रेघेच्या टोकाला जी वाडी आहे, तिथल्या शाळेत मी अकरा वर्षं गुरुजी होतो. डांबर जिथे संपतं तिथल्या गावात खोली, आणि तिथून रोज सात किलोमीटर सायकलवर. जाताना सात, येताना सात, कॅरिअरवर खडूंची खोकी, कधी खिचडीच्या तांदळाचं पोतं. म्हणजे अकरा वर्षं मी ग्रॅव्हल सायकलिंग करत होतो आणि मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट लोक हळहळायचे. बायकोच्या माहेरी तर माझी बदली हा सुतकासारखा हलक्या आवाजात बोलायचा विषय होता.

त्याहून वाईट म्हणजे, त्या अकरा वर्षांत त्या अस्सल रस्त्यावर डांबर पडावं म्हणून जेवढे अर्ज गेले, ते सगळे माझ्या हातचे. वाडीत पत्र लिहायचं म्हणजे गुरुजींनीच लिहायचं. "विषय: रस्त्याचे खडीकरण व डांबरीकरण होणेबाबत." खाली अंगठे आणि सह्या. पहिली चार वर्षं गेल्यावर खडीकरण झालं. पुढचा "व" अजून झालेला नाही.

या "व"मध्येच भाच्याचं ग्रॅव्हल आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

शहरातल्या वाचकांसाठी जरा खुलासा करतो. डोंगरातला रस्ता जन्माला येतो तो पाऊलवाट म्हणून. मग तिच्यावरून बैलगाडी जाऊ लागते, मग निवडणूक येते आणि मुरुमीकरण होतं, पुढच्या निवडणुकीला खडीकरण, त्याच्या पुढच्या निवडणुकीला डांबरीकरण, आणि वाडीचं भाग्य फारच उजळलं तर काँक्रीटीकरण. यातला खडीकरणाचा टप्पा कागदावर डब्ल्यूबीएम नावाने ओळखला जातो. वाडीतली शेंबडी पोरंही "आमच्याकडं डब्लूबीएम झालंय" असं सांगतात. त्यातला "एम" म्हणजे मॅकॅडम. हा माणूस स्कॉटलंडचा, १७५६ साली जन्मला, आणि त्याने जगाला पटवलं की रस्त्याला खाली मोठे धोंडे रचायची गरज नाही. लहान, कोनदार खडी थरांनी पसरा, पाणी वाहून जाईल असा मधे उंचवटा ठेवा, बाकीचं काम गाड्यांची चाकंच करतील, खडीचे कोन एकमेकांत रुतून बसतील. वरच्या थरातला खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे १७० ग्रॅमपेक्षा जड नसावा, असा त्याचा नियम. खडा मजुराच्या तोंडात मावला पाहिजे, अशी तपासणी व्हायची म्हणतात. त्यावरची गोष्टही सांगतात: एका ठिकाणी खडी फारच मोठी निघाली, चौकशी केली तर तिथल्या मजुराच्या तोंडात एकही दात नव्हता.

आमच्याकडे कागदावर खडी ४५ ते ६३ मिलिमीटरची असते. प्रत्यक्षात तोंडाची कसोटी लावली तर काही खड्यांना पाणघोडा बोलवावा लागेल.

मला मौज वाटते ती अशी की, मॅकॅडमच्या रस्त्यात डांबर नव्हतंच. ते नंतर आलं. मोटारी आल्या, त्यांच्या वेगवान रबरी चाकांनी खडीतली बारीक भुकटी उडवली, धुळीचे लोट उठले, खडी मोकळी झाली, आणि मग १९०२ साली इंग्लंडमध्ये हूली नावाच्या माणसाने खडी-डांबराच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. म्हणजे डांबर हा रस्त्याचा दागिना नव्हे, मोटारीने केलेल्या जखमेवरचा तो लेप आहे. हे मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, हे भारी आहे, मी फोटोखाली टाकतो."

मग त्याने मला इटलीच्या गोष्टी सांगितल्या. तिथे आल्प्समध्ये कोल्ले देल्ले फिनेस्त्रे नावाची खिंड आहे, उंची २,१७८ मीटर, चढाचे शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता. जिरो द'इतालिया ही तिथली मोठी सायकलशर्यत २००५ साली पहिल्यांदा त्या कच्च्या रस्त्यावरून गेली, आणि तेव्हापासून तिथली धूळ पवित्र झाली. २०१८ साली ख्रिस फ्रूम नावाच्या गड्याने त्याच चढावर सगळ्यांना मागे टाकलं आणि पुढचे ८० किलोमीटर एकट्याने मारून शर्यत फिरवली. त्या खिंडीच्या शेजारून आसिएत्ता नावाचा जुना लष्करी कच्चा रस्ता डोंगराच्या धारेवरून जातो, तिथे जुलै-ऑगस्टमध्ये आठवड्यातले दोन दिवस मोटारींना चक्क बंदी असते. आणि तोस्कानातल्या टेकड्यांमध्ये तर १९९७ पासून लोक जुन्या सायकली काढून दरवर्षी फेरी काढतात, कशासाठी, तर गावाकडच्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर कुणी डांबर टाकू नये म्हणून.

हे ऐकून मी सुन्न झालो. डांबर टाकू नका म्हणून आंदोलन! आमच्या वाडीने ही मागणी केली असती तर पहिल्याच अर्जात मंजूर झाली असती.

दुसऱ्या दिवशी निघालो. माझी सायकल माळ्यावरून काढली. चाकांत हवा धरेना म्हणून नव्या ट्यूब घातल्या, चेनला खोबरेल तेल लावलं. भाचा ते बघून कळवळला, त्याच्याकडे चेनसाठी बाटली होती आणि ती आमच्या घरच्या तुपापेक्षा महाग होती. दोन्ही सायकली मोटारीला बांधून साताऱ्याच्या बोगद्यातून बाहेर पडलो, सज्जनगड उजवीकडे ठेवला, ठोसेघर ओलांडून पठारावर आलो. सायकलवर बसण्यासाठी तीसेक किलोमीटर मोटारीने जायचं, ही रीत मला नवी होती. पण व्यायामशाळेत लिफ्टने जाणारी माणसं मी पाहिली आहेत.

या पठाराला आमच्याकडे सडा म्हणतात. वर जांभा दगड, त्यावर बोटभर माती, पावसाळा सरताना महिनाभर फुलं, एरवी गवत आणि वारा. वारा इतका की गेल्या शतकाच्या शेवटी इथे पवनचक्क्या आल्या. आणि सायकलवाल्यांचं भाग्य त्याच दिवशी उघडलं, कारण पवनचक्कीचं पातं मधून दुमडता येत नाही. ते लांबलचक ट्रेलरवरून न्यावं लागतं. पातं वळत नाही म्हटल्यावर रस्त्याला वळावं लागतं: ऐसपैस वळणं, बेताचे चढ, घट्ट दाबलेला तांबडा मुरूम. ट्रेलर आले, पाती वर चढली, फिरायला लागली, ट्रेलर निघून गेले. रस्ते राहिले. आता त्यांवरून दिवसाकाठी रखवालदाराची एखादी मोटारसायकल जाते. सह्याद्रीत मुद्दाम सायकलींसाठी म्हणून कुणी रस्ते आखले असते, तर ते इतके चांगले झाले नसते. पहिल्या बैठकीतच कमान कुठे उभारायची यावर वाद झाला असता.

पठारावर त्या दिवशी ट्रॅफिक खरोखर नव्हतं. म्हणजे भाच्याच्या व्याख्येप्रमाणे नव्हतं. पहिल्या किलोमीटरला म्हशी लागल्या, पंचवीस-तीस, रस्त्याच्या मधोमध. म्हैस हॉर्नला बाजूला होत नाही, घंटीला तर नाहीच, आणि भाच्याला घंटीही नव्हती. त्याने "एक्स्क्यूज मी" म्हटलं. एका म्हशीने मान वळवून त्याच्या शिरस्त्राणाकडे पाहिलं आणि रवंथ पुढे चालू ठेवला. मागून धनगराचा पोरगा आला, त्याने "हाऽल्या" एवढंच म्हटलं आणि आख्खा कळप एका बाजूला झाला. मॅकॅडमने रस्त्यावर पुष्कळ विचार केला, पण हा शब्द त्याच्याकडे नव्हता.

दुसऱ्या किलोमीटरला कुत्री. डोंगरातले खरे टोलनाके हेच. सायकलचा वेग त्यांच्या वेगाशी नेमका जुळतो, त्यामुळे मोटारीमागे दोन उड्या मारून परतणारं कुत्रं सायकलवाल्याला पार वेशीपर्यंत पोचवतं. उतरून चालायला लागलं की त्याचा रस जातो. हा उपाय अकरा वर्षांच्या अनुभवातला आहे, कुणीही वापरावा.

तिसऱ्या अडचणीचं नाव माणुसकी. इटलीत सायकलवाला धापा टाकत चढ चढताना दिसला की कडेचे लोक टाळ्या वाजवतात म्हणे. आमच्याकडे त्याला वाचवायला धावतात. रखवालदार मोटारसायकल थांबवून म्हणाला, "काय वो पाव्हणं, गाडी बंद पडली काय?" नाही म्हटल्यावर त्याची निराशा लपली नाही. पुढे दुधाच्या कॅनांचा पिकअप मागून आला, चालक खाली उतरला, भाच्याची सायकल उचलून मागे टाकू लागला. "अहो, आम्ही मजेसाठी चालवतोय," भाचा ओरडला. चालकाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "आसू द्या," तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "व्हतंय आसं कदी कदी. पेट्रोल लई म्हाग झालंय." गवताचा भारा घेऊन निघालेल्या एका म्हातारीने तर आम्हाला दोघांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "घरी कुणी न्हाई व्हय रं तुमास्नी?"

आणि प्रत्येकाचा शेवटचा प्रश्न एकच: "सायकल केवड्याची?" भाचा "पंधरा हजार" म्हणाला. एक शून्य त्याने रस्त्यावरच टाकून दिलं. तरीही समोरच्याचा चेहरा पडला. "पंधरात सेकंडहँड स्प्लेंडर यील की."

मधेच मोबाइलमधली बाई म्हणाली, डावीकडे वळा. डावीकडे घार होती, आणि ती आमच्या पायाखाली उडत होती. नकाशावर दरी सपाट दिसते, हा नकाशाचा जुना दोष आहे. सह्याद्रीत तुटक रेघेवर विसंबू नये. कधी ती पाऊलवाट असते, कधी कोरडा ओढा असतो, आणि कधी सातवाहनकाळचा घाट. जुन्नरजवळच्या नाणेघाटातून दोन हजार वर्षांपूर्वी मालाचे तांडे जात. जकातीची नाणी टाकायला ठेवलेला म्हणतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. आज तो घाट शंभर टक्के वाहनमुक्त आहे. फक्त पायऱ्यांसारखे दगड असल्यामुळे तिथे सायकल माणसावर बसून जाते.

चौथ्या किलोमीटरला पन्हळी सुरू झाली. कच्च्या रस्त्यावर घराच्या सिमेंटच्या पत्र्यासारख्या आडव्या लाटा उठतात, त्या कुणी करत नाही. चाक एखाद्या उंचवट्यावरून जरा उडतं, पुढे आपटतं, तिथली खडी ढकलतं, पुढचं चाक नेमकं तिथेच उडतं, आणि बघता बघता रस्ता भजनाच्या ठेक्यावर चालायला लागतो. एका मर्यादेपेक्षा वेग कमी ठेवला तर या लाटा उठतच नाहीत. म्हणजे बैलगाडीच्या काळात पन्हळी नव्हती, ती दुधाच्या पिकअपबरोबर आली. माझ्या सायकलचं मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, घंटी आणि कवळी असे पाच आवाज एकदम सुरू झाले. चेन तीनदा पडली. ब्रेकचं एक रबर कुठेतरी राहिलं. भाचा मात्र पुढे पाण्यावरून गेल्यासारखा चालला होता.

शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "मामा, जरा माझी घेऊन बघ."

इथे प्रामाणिकपणे लिहायला हवं. जुनं ते सोनं, नव्या महागड्या सायकलीची कशी फजिती झाली, असा शेवट मला फार आवडला असता. फजिती माझ्या सायकलची झाली. त्या दीड लाखाच्या सायकलवर मी बसलो आणि वर्षानुवर्षं ज्या खडीने माझं कंबरडं मोडलं, ती खडी कुणीतरी गादीखाली सरकवल्यासारखी वाटली. कमी हवेचा रुंद टायर दगडाला धक्का देत नाही, त्याला पोटात घेतो. आवाज फक्त मुरुमाचा, कुरकुरीत, भाजलेल्या पोह्यांसारखा. वर पाती फिरतायत, समोर तांबडा रस्ता गवतातून वळत गेलाय, आणि हॉर्न नाही, धूर नाही, काही नाही. सदुसष्टाव्या वर्षी मी उतारावर ब्रेक सोडले. आणि ज्या हाताने डांबरासाठी अकरा वर्षं अर्ज लिहिले, तो हात हँडलवर असताना माझ्या मनात स्पष्ट आलं: इथे डांबर पडू नये बुवा.

वाडीच्या वेशीवर माझा एक जुना विद्यार्थी उभा होता. मडगार्डचा आवाज दोन किलोमीटर आधी पोचला होता. हा पोरगा चौथीत भागाकाराला रडायचा, आता सरपंच आहे.

"गुरुजी!" त्याने पाय धरले. "बातमी कळली म्हणून आलासा व्हय?"

"कसली बातमी?"

"रस्ता मंजूर झाला की! डांबरीकरण! तुमचा शेवटचा अर्ज व्हता बगा, त्योच फाइलीत सापडला सायबाला. काय भाषा, म्हणाला. डोळ्यात पानी आलं म्हणाला."

भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "पण काका," तो म्हणाला, "हा रस्ता असाच किती छान आहे! परदेशात लोक अशा रस्त्यासाठी..."

सरपंचाने शांतपणे ऐकून घेतलं. मग घराकडे हाक मारली, "ये गं, चा टाक." आणि भाच्याला म्हणाला, "दादा, मागच्या पावसात हिला दवाखान्यात न्यायची व्हती. नववा महिना. ॲम्ब्युलन्स डांबर संपतंय तितंच थांबली. मंग झोळी केली, चौगांनी उचलली, सात किलोमीटर." त्याने रस्त्याकडे बोट केलं. "ह्याच ग्रॅव्हलवरनं."

आतून बाळाच्या रडण्याचा आवाज आला. चहा आला. भाचा बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने बाळाला मांडीवर घेतलं आणि सरपंचाने त्याचा फोटो काढला. परत जाताना त्याने स्वतःच, कुणी न सांगता, सायकलची खरी किंमत सांगितली. सरपंच हसला आणि म्हणाला, "मला वाटलंच. पंधरा हजाराला कुणी येवडा खाली वाकून बसत न्हाई."

शुभारंभाचा नारळ फोडायला मला बोलावलं आहे. तारीख ठरायची आहे. मी जाणार, आणि फेटाही बांधून घेणार. डांबर फक्त वाडीपर्यंतच्या सात किलोमीटरांवर पडणार आहे; पवनचक्क्यांचे बाकीचे मुरुमाचे रस्ते आहेत तसेच राहतील, त्यांवर कुणाची झोळी गेलेली नाही. तेव्हा ज्यांना चालवायची असेल त्यांनी नोव्हेंबर ते जानेवारीत या. घंटी लावून या. पाण्याच्या दोन बाटल्या बरोबर ठेवा, सड्यावर सावली नाही. पिकअपवाला थांबला तर त्याला नाही म्हणू नका, निदान चहाला तरी थांबा. आणि शनिवारी सकाळी निघू नका, खंबाटकीत अडकाल.